असुरांची कैफियत

(गिरगावातील एका वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेच्या चालकांनी छापलेल्या पत्रिकेत आजच्या विषयाचे नाव 'मराठीतील दुष्टवाचक शब्द' असे दिले आहे, आणि ते मीच कळविलेले असल्यामुळे त्या नावाला जागणे हे माझे कर्तव्य आहे. असुर, राक्षस, दैत्य, पिशाच, भूत आणि सैतान या सहा शब्दांचा क्रमाने परामर्श घ्यावयाचा, प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटे द्यावयाची आणि तासाभराने आपणांस मोकळे करावयाचे, असा बेत मी घरून निघताना केला होता. परंतु येथे येताना वाट फणसवाडीतून होती, आणि त्या वाडीतून चालताना माझी पावले नेहमीच मंदावतात. तेथे दादीशेठ यांचे आतशबेहराम आहे; त्यातील अग्नी 1783 सालापासून अखंड तेवत आहे, आणि त्या अग्नीसमोर ज्या परमेश्वराची आळवणी होते त्याचे नाव अहुर मझ्द. त्याच वाडीत व्यंकटेशाचे देवालय आहे, आणि विष्णूच्या नामावळीत त्याला असुरारि, म्हणजे असुरांचा शत्रू, असे म्हटलेले आहे. आता 'अहुर' आणि 'असुर' हा एकच शब्द आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या वाडीतून सहजासहजी पुढे जाता येत नाही. एका दारी असुराची आराधना, दुसऱ्या दारी असुरारीची, दोन्हीकडे तितकीच सोवळी, तितकीच जुनी, आणि मध्ये हाकेचे अंतर!

'अहुर' म्हणजेच 'असुर' कसा, हे या सभागृहातील श्रोत्यांना विस्ताराने सांगण्याची गरज नाही. आपल्या 'स'काराच्या जागी इराणी भाषेत पुष्कळदा 'ह'कार येतो: सोमाचा होम होतो, सिंधूचा हिंदू होतो, सप्ताचा हप्त होतो. त्या साताचाच 'हप्ता' आपण आठवड्याच्या अर्थाने घेतला आणि मग या मुंबईत त्याला दुसरेही अर्थ चिकटले, ते मी सांगावयास नकोत. (हशा) मझ्द या शब्दाचा संबंध आपल्या मेधेशी आहे. म्हणजे अहुर मझ्द हा प्रज्ञावान असुर. आपल्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांच्या घरी काचेवर 'मझदा' असे नाव छापलेला विजेचा दिवा असे. परळच्या आमच्या खोलीतही तो एकुलता एक दिवा होता, आणि त्याच्याखाली बसून मी 'दुर्गासप्तशती' वाचली. होर्मसजी हे नाव आपण किती वेळा उच्चारतो! त्यातील 'होर' हा तोच असुर आहे.

तेव्हा प्रथमच मी आपणांस माझा पक्ष सांगून टाकतो. असुर हा शब्द मुळात दुष्टतेचा वाचक नाही. तो हरलेल्याला आणि शेजाऱ्याला दिलेला शब्द आहे, आणि ही चूक मराठी भाषेने आपल्या सणावारांत केव्हाच ओळखलेली आहे. गेली तीस वर्षे मी हे सांगत आलो आहे. माझी ही दरखास्त आज आपल्यापुढे पुन्हा ठेवतो.

ऋग्वेदाचेच दफ्तर प्रथम उघडू. तेथे वरुण असुर आहे, मित्र असुर आहे, सविता असुर आहे, अग्नी आणि इंद्र यांनाही असुर म्हटलेले आहे. 'असु' म्हणजे प्राण. तो ज्याच्या ठायी ओतप्रोत आहे तो असुर, ही व्युत्पत्ती यास्कानेही नोंदविली आहे. तिसऱ्या मंडलात एक बावीस ऋचांचे सूक्त आहे, आणि त्यातील प्रत्येक ऋचा देवांच्या एकमेव आणि थोर अशा असुरत्वाच्या निर्देशाने संपते. देवांचे असुरत्व! बावीस वेळा! ज्या ऋषीने ते रचले त्याला त्यात विसंगत असे काही वाटले नाही, कारण त्याच्या काळी ते विसंगत नव्हतेच. मग दहाव्या मंडलापर्यंत येता येता वारे फिरते; सूर्याला असुरांचा संहारक म्हटले जाते; आणि ब्राह्मणग्रंथांत तर देव आणि असुर यांचा कज्जा पानोपानी चाललेला दिसतो.

यापुढे जे घडले ते भाषेच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे. असुर म्हणजे देवांचा वैरी, हा अर्थ एकदा रुजल्यावर लोकांच्या कानाला त्या शब्दाच्या आरंभीचा 'अ' हा नकाराचा वाटू लागला, आणि अ-सुर म्हणजे 'सुर नव्हे तो' अशी फोड करून त्यांनी 'सुर' हा देववाचक शब्द नवाच निर्माण केला. ऋग्वेदात सुर शब्द नाही. सुरलोक, सुरगुरू, सुरवर ही सगळी सृष्टी असुराच्या पोटातून जन्मली आहे. 'विधवा' शब्दाचेही असेच झाले: त्यातील 'वि' हा उपसर्ग समजून 'धव' म्हणजे नवरा असा शब्द मागाहून काढण्यात आला. पत्नीच्या वैधव्यातून पतीचा जन्म व्हावा, तसा असुरांच्या निंदेतून सुरांचा जन्म झाला. (हशा)

आणि इराणात काय झाले? तेथे बरोबर याच्या उलट झाले. तेथे अहुर परमेश्वर झाला आणि देव सैतान झाले. पारशी धर्मग्रंथांतील 'वेंदिदाद' या नावाचा अर्थच देवांच्या विरुद्ध दिलेला कायदा असा आहे, आणि त्यात दुष्टांच्या यादीत आपला इंद्र नावानिशी हजर आहे. पुण्याच्या कॉलेजात 1859 ते 1866 पर्यंत संस्कृतचे अध्यापक असलेले जर्मन पंडित मार्टिन हौग यांनी 1862 साली याच मुंबईत प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधसंग्रहात असे प्रतिपादिले की, एकत्र नांदणाऱ्या दोन शाखांत धर्मावरून फूट पडली आणि प्रत्येकीने दुसरीच्या दैवताला शिवी केले. हा सिद्धांत आज जसाच्या तसा कोणी मानीत नाही, आणि त्यावरील वाद आपणांस परिचित असल्यामुळे मी त्यात शिरत नाही. पण शिवी झाली, ही गोष्ट कोणी नाकारीत नाही. फारसीत 'देव' किंवा 'दीव' म्हणजे आडदांड, भयंकर भूत; आणि ज्याला असा देव लागला तो 'दीवाना'. आपण ज्याला प्रेमाने दिवाणा म्हणतो, त्याला व्युत्पत्तीच्या कायद्याप्रमाणे देवाने झपाटलेले असते! (हशा, टाळ्या)

तेव्हा आपला देव त्यांचे भूत, आणि त्यांचा देव आपला असुर. दोन्ही समाज शतकानुशतके या गिरगावात भिंतीला भिंत लावून राहिले, एकमेकांच्या दुकानांतून जिन्नस नेले, एकमेकांच्या वकिलांकडून फिर्यादी लढविल्या, आणि दोघांपैकी कोणालाही आपला शेजारी दुष्ट वाटला नाही. शब्दांनी वैर जतन केले; माणसांनी केले नाही.

आता आपल्या घरात येऊ. आश्विन वद्य चतुर्दशीला पहाटे, अंगाला तेल-उटणे लागलेले असताना, आपण काय करतो? दादरच्या बाजारातून आदल्या दिवशी आणलेले कारीट, लिंबाहून लहान, हिरवट पिवळे, कडू जहर, ते डाव्या पायाच्या अंगठ्याखाली धरतो आणि 'गोविंदा' म्हणून फोडतो. तो नरकासुर. चाळीच्या मोरीशी रांगेने मुले उभी असत, आणि आपले कारीट एका दणक्यात फुटले नाही तर वर्षभर त्याचे उणे काढले जाई. पण पुढचा विधी आठवा. त्या फुटलेल्या फळाचा रस आपण बोटाने जिभेला लावतो, बी कपाळाला लावतो. शत्रूचे रक्त कपाळाला कोण लावतो? विजयी योद्धा लावतो असे आपण म्हणाल. मी म्हणतो, आप्तही लावतो. नरकासुर हा भूमीचा पुत्र. मरताना त्याने वर मागितला तो या दिवशी स्नान करणाऱ्याच्या कल्याणाचा. आणि कृष्णाने तो दिला म्हणूनच त्या दिवसाला कृष्णाचे नाव मिळाले नाही, नरकाचे मिळाले.

आणि त्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी प्रतिपदा येते. त्या दिवशी आपली आई, आपली आजी, हातात ओवाळणीचे ताट घेऊन काय म्हणे? इडापीडा टळो आणि बळीचे राज्य येवो. हा बळी कोण? विरोचनाचा पुत्र, प्रल्हादाचा नातू, हिरण्यकशिपूचा पणतू. वंशावळीत कोठेही देवाचा थेंब नाही, अस्सल असुर. विष्णूने ज्याला पाताळात घातले त्याचे राज्य परत यावे, अशी प्रार्थना विष्णूचे नाव अहोरात्र घेणाऱ्या मराठी बायका करीत आल्या, आणि कोणत्याही शास्त्रीबोवांना ती बंद करता आली नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहून बळीला या भूमीच्या कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले, ते हवेतून केले नाही. घरोघरच्या ओवाळणीच्या ताटात त्यांना तो सापडला होता. आज आपली वर्तमानपत्रे शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात. त्याच पानावर, दोन रकाने सोडून, 'महागाईचा भस्मासुर' असतो. एकाच पानावर एका असुरासाठी अश्रू आणि दुसऱ्या असुराच्या नावाने शिवी! संपादकांना हे दिसत नाही, याचे मला दुःख होते.

आपल्या या शहराचीच गोष्ट घ्या. मुंबारक नावाचा एक दैत्य लोकांना पिडीत होता, देवीने त्याला जिंकले, आणि शरण येऊन त्याने आपले नाव तिने धारण करावे अशी याचना केली म्हणून ती मुंबादेवी झाली, अशी आख्यायिका आहे. हा इतिहास नव्हे. पण ज्या लोकांनी ती रचली त्यांना आपल्या ग्रामदेवतेचे नाव असुराकडून आले, हे सांगण्यात लाज वाटली नाही, एवढे तिच्यावरून कळते. जेजुरीच्या खंडोबाला आपण मल्हारी म्हणतो, त्या नावात मल्ल दैत्य बसलेला आहे; आणि त्याचा भाऊ मणी तर गडावर आजही पूजला जातो. मुरारी, मधुसूदन, कंसारी: असुराचे नाव वगळले तर यांतील एकाही देवाचे नाव उरत नाही.

येथे मला एक घडलेली गोष्ट सांगावयाची आहे. ती दोन मिनिटांची आहे.

परळला आम्ही ज्या चाळीत राहत होतो तिच्यासमोर गिरणीची भिंत होती, आणि भिंतीलगत पिंपळाखाली शेंदराने माखलेला एक दगड होता. तो म्हसोबा. आमच्या शेजारी साताऱ्याकडचे एक गृहस्थ राहत. साच्यावर काम करीत. आम्ही सगळी मुले त्यांना तात्या म्हणत असू. पहिल्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी, काळोखातच, ते त्या दगडाला हात लावून पुढे जात. मी तेव्हा कॉलेजात संस्कृत घेतले होते आणि मला नुकतेच कळले होते की, म्हसोबा म्हणजे महिषासुर. एके दिवशी मी त्यांना अडवून म्हटले, "तात्या, हा तर राक्षस. देवीने मारलेला. तुम्ही नवरात्रात देवीचे घट बसवता आणि रोज ह्याच्या पाया पडता, हे कसे?" तात्यांनी डोक्याचे मुंडासे सारखे केले आणि शांतपणे म्हटले, "आसंल बाबा. मारला आसंल. त्यो देवीचा आन् त्येचा इषय. आमच्या बांधावर त्यो रातभर जागतोय. आमचं त्येनं काय वाकडं केलंय?"

मी निरुत्तर झालो, पण माझे समाधान झाले नाही. तेव्हा त्या वर्षीच्या वैशाखात मी त्यांच्याबरोबर त्यांच्या गावी गेलो. आठ दिवस राहिलो. गाव डोंगराच्या कुशीत; वर टेकडीवर देवीचे देऊळ, चिरेबंदी, कळसाचे; आणि खाली शिवारात, दोन भावांच्या शेतांच्या मधल्या बांधावर, म्हसोबा. छप्पर नाही, मूर्ती नाही. घडवलेलाही नाही असा दगड. त्यावर शेंदराचे इतके थर चढले होते की, एका बाजूने ते कवचासारखे सुटून पडले होते, आणि आतला काळा दगड हाताला गार लागत होता. तात्यांच्या कारभारणीने त्या दिवशी पुरणपोळी केली होती. तिने एकाच पाटीत दोन नैवेद्य घेतले, केळीच्या पानाचे दोन तुकडे करून, सारख्या मापाचे. आधी खाली बांधावर ठेवला, मग वर देवीला नेला. "आधी म्हसोबाला का?" असे मी विचारले. ती म्हणाली, "वाटंत हाय न्हवं त्यो." या उत्तरावर मी पुढे कित्येक वर्षे विचार केला आहे. तिच्या लेखी मारणारी आणि मारलेला या दोघांचाही मान होता, आणि क्रम ठरत होता तो पायवाटेने.

त्याच दोन भावांच्या बांधावरून तंटा होता. सरकारी मोजणी झाली होती, नकाशे निघाले होते, मामलेदार कचेरीत खेटे घालून झाले होते. तरी दोघांपैकी कोणीही रात्री तो बांध कोरला नाही, कारण दगडाला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. महसूल खात्याच्या शिक्क्याने जे राखले नसते ते त्या असुराने राखले होते. आणि 'म्हसोबाला नव्हती बायको आणि सटवाईला नव्हता नवरा' अशी आपण थट्टेची म्हण केली आहे! (हशा) थट्टा आपल्या माणसाचीच होते, म्हणून ती म्हणही मला प्रिय आहे.

राखण्यावरून राक्षस शब्द आठवला. वाल्मीकीच्या उत्तरकांडात अशी कथा आहे की, ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केले, आणि ज्या प्राण्यांनी 'आम्ही रक्षण करू' असे म्हटले ते राक्षस झाले. तात्यांनी उत्तरकांड वाचले नव्हते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठविली आहे. दहा मिनिटे उरली असे तीत लिहिले आहे, आणि खाली पहिल्या रांगेतील एका सद्‌गृहस्थांचा प्रश्नही जोडला आहे. प्रश्न असा: "भगवद्‌गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनीच आसुरी संपत्तीचा धिक्कार केला आहे, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून जाणे मला शोभणार नाही. दंभ, दर्प, क्रोध, पारुष्य, अज्ञान या गुणांना तेथे आसुरी म्हटले आहे, हे खरे. परंतु ते गुण आहेत, कोणाच्या घराण्याची मिरास नव्हे. ते तुमच्यात असू शकतात, माझ्यात असू शकतात, आणि प्रल्हादात, जो जन्माने असुर होता, त्याच्यात ते नव्हते. बृहदारण्यकात तर देव, मनुष्य आणि असुर हे तिघेही प्रजापतीचे पुत्र आहेत, तिघेही ब्रह्मचर्याने बापापाशी राहिले, आणि तिघांनाही उपदेश मिळाला. असुरांना मिळाला तो 'दया करा' असा. ज्याला दया शिकविता येते त्याला मूळचाच दुष्ट कसे म्हणावे?

(श्रोत्यांतून: मग रावण?) रावणाने केले ते पाप केले, त्यात शंका नाही, आणि जगात दुष्टता नाही असे मी म्हटलेले नाही. मी म्हणतो ते एवढेच की, दुष्टतेसाठी आपल्या भाषेत चोख शब्द आहेत, ते वापरा. 'दुष्ट' शब्द 'दुष्' धातूपासून आला. बिघडला तो दुष्ट. दोष आणि दूषित हे त्याचेच भाऊबंद. त्या शब्दात कृत्याचा पंचनामा आहे. खल, क्रूर, नृशंस हेही शब्द माणसाच्या वागण्यावर बोट ठेवतात. ज्ञानेश्वरांनी पसायदानात खळांचा उल्लेख केला तेव्हा खळांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा असे मागितले. कारण वाकडेपणा जाऊ शकतो. असुर म्हटले की काय जाणार? तेथे कुळच आरोपी ठरते.

आणि हे केवळ शब्दांचे प्रकरण नाही. झारखंडात, नेतरहाटच्या पठारावर, असुर या नावाची एक जमात राहते. सरकारी अनुसूचीत तिचे नाव तसेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या दगडातून लोखंड गाळण्याची विद्या त्या लोकांनी जपली. त्यांच्यातील कित्येक जण महिषासुराला आपला पूर्वज मानतात आणि देश नवरात्राचा उत्सव करीत असतो त्या दिवसांत शोक पाळतात. त्यांचे मूल शाळेत जाते आणि धडा वाचते. धड्यात असुर म्हणजे काय लिहिलेले असते, ते आपणांस माहीत आहे. त्या मुलाच्या जागी क्षणभर बसून पाहा, म्हणजे मी तीस वर्षे एकच गोष्ट का सांगत फिरतो हे कळेल.

घंटा झाली. उरलेले शब्द आता ओझरतेच. दैत्य म्हणजे दितीचे पुत्र आणि दानव म्हणजे दनूचे. बाप कश्यप, तोच आदित्यांचाही. तेव्हा ही सावत्र भावांची भाऊबंदकी आहे. पिशाचांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या पैशाची भाषेत गुणाढ्याने 'बृहत्कथा' लिहिली, आणि परंपरा त्याला आपल्या पैठणच्या सातवाहनाच्या पदरी बसविते. भूत म्हणजे होऊन गेलेले, एवढेच. सैतान हा मूळ हिब्रू शब्द, अर्थ प्रतिपक्षी. ईयोबाच्या पुस्तकात तो ईश्वराच्या दरबारात आरोप मांडणाऱ्या वादीसारखा उभा राहतो. आणि 'मुद्राराक्षस' नाटकातील अमात्य राक्षस! स्वामिनिष्ठेचा असा दुसरा पुतळा संस्कृत नाट्यात विरळा. त्या नाटकाची चिकित्सक आवृत्ती आपल्या मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केली. तिच्याविषयी अर्धा तास बोलण्याचा माझा मानस होता. ते आता राहिले. चालकांनी पुढच्या वसंतात बोलावले तर तेथूनच आरंभ करीन.

जाताना एकच विनंती करतो, आणि ती येथे बसलेल्या आई-आजींना आहे. येत्या नरकचतुर्दशीला मुलांना कारीट अवश्य फोडू द्या. त्यात त्यांचा आनंद आहे. पण प्रतिपदेला ओवाळताना बळीचे राज्य मागाल, तेव्हा पाटावरचे मूल 'हा बळी कोण गं?' असे विचारील. त्याला नुसते 'एक मोठा दानशूर राजा' असे सांगून थांबू नका. तो असुर होता, हेही सांगा.